चिठ्ठीची मागची बाजू

रोमन साम्राज्याचा खरा इतिहास सेनापतींच्या तलवारींनी नव्हे, तर सम्राज्ञींच्या केसांनी लिहिला आहे.

हे वाक्य मी आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या वार्षिक सभेत उभं राहून म्हटलं, तेव्हा समोर सहा माणसं होती. त्यातला एक चहाचे कप गोळा करायला आला होता आणि एकाला शेजारच्या खोलीतलं दंततपासणी शिबिर हवं होतं. तो बिचारा शेवटपर्यंत गालावर हात ठेवून बसला. मला वाटलं, विचारात पडलाय. आभार मानताना अध्यक्षांनी 'मौलिक' हा शब्द वापरला आणि मी मान लववून तो स्वीकारला. वाक्य माझं नव्हतं. माझ्या बायकोचं होतं, आणि ते तिने कढई घासताना म्हटलं होतं. सेनापती आणि तलवार एवढीच भर माझी.

बायकोचं पार्लर होतं. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या तीन खुर्च्या, तीन आरसे आणि कायम ओले असणारे टॉवेल. मागच्या खोलीत माझं भिंग, माझा तराजू आणि नाण्यांचं उथळ खणांचं लाकडी कपाट. मधलं स्वयंपाकघर ही दोन्ही राज्यांची सामाईक हद्द. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनं तपासत हिंडलो. परिणामी गावातल्या एकाही दुकानदाराचं माझ्यावर प्रेम नव्हतं, आणि आमच्या घरी कधी कुणी चिमूटभर जास्त घातलं नाही. सगळं बरोबर मिळायचं. "आयुष्यभर बरोबरच मिळालं हो मला," असं बायको म्हणायची, आणि ते कौतुक होतं की तक्रार, हे मी कधी तपासलं नाही.

सम्राटांची नाणी सगळेच जमवतात. मी सम्राज्ञींची जमवायचो. "आमचे भाऊजी बायका जमवतात," असं मेव्हणी नव्या पाहुण्यांना सांगायची आणि पुढचं वाक्य बोलायच्या आधी मुद्दाम पाणी प्यायची.

या नाण्यांवर साल नसतं. एकाच सम्राज्ञीची दहा नाणी समोर आली, तर आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे पुष्कळदा केसांवरून ठरवतात. अंबाडा मानेवर होता, मग वर गेला, मग दोन वेण्या आल्या, मग एक. हे मला पुस्तकातून कळलं. बायकोला नाणं हातात घेतल्याबरोबर कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तिला दोन नाणी दाखवली, तर ती म्हणाली, "ही आधीची. ही नंतरची. मधे हिचे केस गळलेत." मी पुस्तक उघडलं. केस गळल्याचं पुस्तकात नव्हतं, पण क्रम बरोबर होता.

आणखी एकदा तिने थोरल्या फाउस्टिनाचं नाणं घेतलं. या बाईच्या वेण्या डोक्यावर वेटोळं करून मुकुटासारख्या बसवलेल्या असतात. बायकोने त्या वेटोळ्यावरून अंगठा फिरवला, गिऱ्हाइकाच्या केसांचा पोत बघावा तसा, आणि म्हणाली, "हे एकटीला जमत नाही. हात मागून वर न्यावे लागतात. हिच्या मागे कुणीतरी उभी आहे. ती नाण्यावर आली नाही, एवढंच."

"कडेला धर," मी म्हणालो. "बोटांचा घाम लागतो."

असं मी पुष्कळदा म्हणालो असणार. कारण एके दिवशी मी तिच्यासाठी पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड आणला. कागदात गुंडाळलेला होता. तिने पुडकं उघडलं तेव्हा तिचा चेहरा, भेट उघडताना होतो, तसा झाला होता. मग तिने मोजे बाहेर काढले.

"हे कशाला?"

"नाण्यांसाठी."

"मग नाण्यांना घाला ना," ती म्हणाली.

आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर तिने एकाही नाण्याला हात लावला नाही. मला वाटलं, चला, प्रश्न सुटला.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. नाणी जमवणाऱ्यांचा एक रिवाज आहे. कपाटाच्या खणात गोल खळगे असतात. खळग्यात आधी गोल चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यावर नाणं. चिठ्ठीवर सम्राज्ञीचं नाव, धातू, वजन, काळ. नाणं दुसऱ्याच्या घरी गेलं की चिठ्ठीही पाठोपाठ जाते. दोघांची ताटातूट करायची नाही. चिठ्ठी हरवलेलं नाणं म्हणजे जन्मदाखला हरवलेला माणूस. तो असतो, पण पटवून द्यावं लागतं. या बाबतीत मी आमच्या मंडळातला सर्वांत कर्मठ.

चिठ्ठ्या बायको लिहायची. माझं अक्षर असं होतं, की माझ्या अहवालांवरून एकाही दुकानदाराला शिक्षा झाली नाही. दोन्हीकडच्या वकिलांना वाचताच यायचं नाही. तिचं अक्षर मात्र टपोरं, शांत. रविवारी दुपारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की ती जाड पांढऱ्या कार्डावर क्रीमच्या डबीचं झाकण ठेवून पेन्सिलीने गोल आखायची आणि केस कापायच्या कात्रीने कापायची. मी पट्टी लावून बघायचो.

"अर्धा मिलिमीटर चुकलंय."

"भरा खटला."

मग मी पाठमोरा होऊन नाणं तराजूवर ठेवायचो, आकडा स्थिर व्हायची वाट बघायचो आणि मजकूर सांगायचो. ती लिहायची. मोज्यांच्या प्रकरणानंतर ती गप्प राहूनच लिहायची. पूर्वीसारखं 'अहो, ही बघा' नाही, काही नाही. मी समजलो, तिचं मन उडालं. चिठ्ठी वाळली की ती माझ्या हातात द्यायची आणि मी ती खळग्यात ठेवून वर नाणं ठेवायचो. नाण्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही बघायच्या असतात, हे या छंदातलं पहिलं शिक्षण. चिठ्ठीला एकच बाजू असते, असं मी धरून चाललो होतो.

अशी एक्केचाळीस नाणी जमली, काही सम्राज्ञी दोन-तीनदा धरून. बेचाळिसावी डोमिशिया यायची होती. फार दुर्मीळ. एका विक्रेत्याने पाठवली, मी उत्साहाच्या भरात पुस्तकात बघूनच चिठ्ठी सांगून टाकली, वजनाची जागा रिकामी ठेवली आणि मग नाणं तराजूवर ठेवलं. साडेतीन ग्रॅमच्या आसपास हवं होतं; भरलं दोन ग्रॅम साठ. खोटं. मी, ज्याने एकतीस वर्षं खोटी वजनं पकडली, तो घरात बसून फसलो. नाणं परत पाठवलं, विक्रेत्याला चार पानी पत्र लिहिलं (ते त्याला वाचता आलं नसेल) आणि जाहीर केलं की यापुढे खरेदी बंद. चिठ्ठी तेवढी त्या शेवटच्या खळग्यात राहिली. ती तिने लिहिलेली शेवटची.

त्याच सुमाराला बायकोचं पार्लर बंद झालं होतं. गुडघे गेले. तीस वर्षं लोकांच्या मागे उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. खुर्च्या विकल्या, आरसे मेव्हणी घेऊन गेली. तिचं बाहेर जाणं थांबलं आणि बाजार माझ्याकडे आला. ती यादी लिहून द्यायची, मी तंतोतंत आणायचो. यादीत नसलेलं काही आणायची माझी पद्धत नव्हती.

आणि मग तिचा अंबाडा गेला. तीस वर्षांचा अंबाडा, मानेच्या थोडा वर, डावीकडे किंचित कललेला. त्याच्या जागी एक रबर आलं. साधंच, वर्तमानपत्राच्या सुरळीला असतं तसं. मी ते बघितलं. केसांच्या बाबतीत माझ्या नजरेतून काही सुटत नाही. मी मनात नोंदही केली: उत्तरकालीन शैली, साधेपणाकडे कल. एका म्हाताऱ्या सम्राज्ञीबद्दल पुस्तकात असंच वाक्य आहे, आणि मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. दीड वर्ष ती तशीच होती. कधीकधी रबर तुटायचं, मग ती दुसरं शोधायची.

त्यानंतर तिचा उजवा हात गेला. म्हणजे हात होता तिथेच होता, पण कामावरून गेला. सकाळी चहाचा कप सुटला, आणि दुपारपर्यंत डॉक्टर आम्हाला मेंदूतल्या रक्तवाहिन्यांबद्दल अशा आवाजात समजावत होते, की जणू त्या त्यांनीच बसवल्या होत्या. पंधरा दिवसांनी घरी आणलं. बोलता यायचं, शब्द जरा जड यायचे. एका सकाळी ती पलंगावर बसून म्हणाली, "केस बांधा माझे."

एक्केचाळीस नाण्यांवरच्या केशरचना मला तोंडपाठ होत्या. वेणीला तीन पदर असतात, हे मला त्या सकाळी कळलं. दोन हातांत तीन पदर धरायचे कसे, ही युक्ती रोमन साम्राज्याबद्दलच्या कुठल्याही पुस्तकात दिलेली नाही. पाऊण तासाने मी तिच्यासमोर आरसा धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"कुठल्या काळातली?" तिने विचारलं.

"तिसरं शतक."

"उतरती कळा," ती म्हणाली. तिसऱ्या शतकात रोमन नाण्यांची अगदी रया गेली होती, चांदी नावालाच. हे तिने माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

मग रोज सकाळी मीच बांधायचो. ती सूचना द्यायची. "ओढू नका." "डावा पदर सुटला." "अहो, डोकं माझं आहे, ते वजनाचं माप नाही." केस पातळ होते, मऊ होते, कानामागे अजून काळे होते. हे मला आधी माहीत नव्हतं. साडेतीन महिने बांधले. ती गेली त्या सकाळी वेणी बऱ्यापैकी जमली होती. दुसऱ्या शतकाच्या शेवटापर्यंत पोचलो होतो मी.

नंतर मी मागच्या खोलीत जाईनासा झालो. खण ओढला की नाण्याच्या कडेखालून चिठ्ठी डोकवायची, आणि तिचं ते टपोरं अक्षर. मी खण परत सारायचो. मला वाटलं, नाण्यांचा कंटाळा आला.

"भाऊजी, देऊन टाका त्या बायका," मेव्हणी म्हणाली. "ताई होती तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघत बसायचात. आता ताई नाही, तर भिंतीकडे बघता. निदान खोली तरी मोकळी होईल."

मी संग्रह वस्तुसंग्रहालयाला दिला. तिथल्या क्युरेटर बाई चाळिशीच्या, बारीक, हातात सदैव निळे रबरी मोजे. मी मनात त्यांचं नाव मोजेवाली ठेवलं. त्यांनी दानपत्राचा एक पानी नमुना पुढे केला. मी तो नापसंत करून स्वतः मसुदा केला. कलम चार असं: 'प्रत्येक नाणे त्याच्या चिठ्ठीसह देण्यात येत आहे. चिठ्ठी नाण्यापासून कोणत्याही कारणाने, कोणाच्याही विनंतीवरून, दात्याच्या विनंतीवरूनही, वेगळी केली जाणार नाही.'

"दात्याच्या विनंतीवरूनही?" मोजेवालीने विचारलं.

"माणसं नंतर हळवी होतात," मी म्हणालो. "नियम आधीच केलेला बरा."

त्यांनी माझ्याकडे आदराने बघितलं. मलाही तो आदर आवडला.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होतो.

"काका, नोंदवही भरतेय. चिठ्ठ्यांच्या मागचा मजकूर पण नोंदवायचा का?"

"मागे काही नाही."

"मागे बरंच आहे," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीने. आधी मला वाटलं, तुमची टिपणं. मग वाचलं. काका, हे तुम्ही लिहिलेलं वाटत नाही. हे वाचता येतंय."

संग्रहालयाचं अभिलेखागार तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टवर 'तात्पुरती बंद' अशी पाटी आहे. पाटीचा रंग उडालाय. वर पोचलो तेव्हा मोजेवालीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि निळ्या मोज्यांचा जोड पुढे केला. "नियम आहे," त्या म्हणाल्या. मी घातले. बोटं आत जाईनात. त्यांनी एकेक बोट ओढून बसवलं.

टेबलावर पांढरं फडकं, त्यावर खण. त्यांनी पहिलं नाणं बाजूला ठेवलं, चपट्या चिमट्याने चिठ्ठी उचलली आणि उलटी केली.

पुढे माझा मजकूर होता: प्लॉटिना, चांदी, तीन ग्रॅम अडतीस. मागे बारीक पेन्सिलीत: 'कपाळावर इतका उंच फुगा बांधून ही मान खाली घालत नसणार. जेवायची कशी?'

मोजेवालीने दुसरी उलटली.

जुलिया डोम्ना. 'टोप आहे. मला फसवू नका.'

"हे खरं असू शकतं," मोजेवाली म्हणाल्या. "बऱ्याच अभ्यासकांना तसंच वाटतं."

"तिने पुस्तक वाचलं नव्हतं."

"म्हणूनच म्हणतेय."

साबिना. 'नवऱ्याचं लक्ष नाही. हिचे केस मात्र दर वेळी नवे. कंटाळत कशी नाही?'

धाकटी फाउस्टिना, जिला डझनभर मुलं झाली. 'दर बाळंतपणानंतर रचना बदललीय. गळत असणार. झाकलंय छान.'

क्रिस्पिना, सम्राटाशी लग्न झालं तेव्हा पोरगीच होती. 'फार ओढलेत केस. कानामागे दुखत असेल. हळू धर म्हणावं तिला.'

"हळू धर, कुणाला?" मोजेवालीने विचारलं.

"मागे उभी असलेलीला," मी म्हणालो. मग पाणी प्यालो.

पुढच्या कितीतरी चिठ्ठ्या तिच्याबद्दलच होत्या, त्या नाण्यावर न आलेल्या बाईबद्दल. 'ही नवखी आहे.' 'ही डावखुरी.' 'आज घाईत होती.' एकीवर लिहिलं होतं: 'ही आठव्या खळग्यातलीचीच. गाठ तशीच डावीकडून घेते. मालकीण बदलली, ही टिकली. शहाणी असणार.'

"तो छाप कोरणाऱ्या कारागिराचा हात असतो," मी सवयीने म्हणालो. "केस बांधणारीचा नाही."

"तुम्हाला खात्री आहे?" मोजेवालीने विचारलं.

मला एकतीस वर्षं प्रत्येक गोष्टीची खात्री होती. मी मान हलवली, पण ती हो म्हणाली की नाही, हे मलाही कळलं नाही.

सव्विसाव्या चिठ्ठीपाशी मी हात पुढे केला. "या मला द्या," मी म्हणालो. "नाणी ठेवा तुम्ही. सगळी ठेवा. चिठ्ठ्या तेवढ्या द्या."

मोजेवालीने चिमटा खाली ठेवला. फाईल ओढली, पान काढलं.

"कलम चार," त्या म्हणाल्या.

"पाठ आहे मला. मीच लिहिलंय."

"दात्याच्या विनंतीवरूनही."

"तो दाता गाढव होता."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण सही त्याची आहे. आणि काका, संचालकांनी ते कलम आता सगळ्याच दानपत्रांना लावलंय. तुमचं उदाहरण देऊन."

एवढा मान मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी मोज्यातले हात मांडीवर ठेवले. त्या खिडकीकडे बघत होत्या, आणि चष्मा पुसायचा होता, पण मोजे घातलेले असल्यामुळे पुसता येत नव्हता. "फोटो काढून देईन," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे. दोन्ही बाजूंचे." मी म्हणालो, बरं. फोटोत पेन्सिलीचा दाब येत नाही, हे मी बोललो नाही. तिची पेन्सिल कार्डात जरा रुतायची. उजेडात तिरकं धरलं की अक्षराची खाच दिसत होती.

मग थोरल्या फाउस्टिनाच्या दुसऱ्या नाण्याचा खळगा आला. ही बाई गेल्यावर नवरा तब्बल वीस वर्षं तिची नाणी पाडत राहिला. नवं लग्न नाही, नवी राणी नाही. दर वर्षी तोच चेहरा, त्याच वेण्या. हे नाणं मोठं, पितळी आणि फार झिजलेलं. मंडळातले लोक म्हणायचे, बदलून टाक, याहून चांगलं मिळेल. तारखा आठवल्या आणि माझ्या लक्षात आलं, की हे नाणं मी हातमोजे आणले त्याच महिन्यात घेतलं होतं. चिठ्ठी त्यानंतरच्या रविवारची.

मोजेवालीने ती उलटली आणि स्वतः न वाचता माझ्याकडे फिरवली.

'कपाळावरचे केस पार गेलेत. वेणीचे पेडही दिसत नाहीत. किती लोकांनी हाताळलं असेल हिला. बरं झालं.'

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी त्याला ये, ये, ये असं सांगत होता. मी ते 'बरं झालं' पुन्हा वाचलं. चिठ्ठी तिरकी धरून वाचलं. तिथे पेन्सिल जास्त रुतली होती, किंवा मला तसं वाटलं. तराजू असता तर सांगता आलं असतं.

उरलेल्या चिठ्ठ्या मी वाचल्या, पण त्यातली एकही मला आता आठवत नाही.

खण बंद करताना मोजेवाली थबकल्या. "काका, एक भानगड आहे. तुमच्या यादीत एक्केचाळीस नाणी आहेत."

"एक्केचाळीसच आहेत."

"चिठ्ठ्या बेचाळीस निघाल्या." त्यांनी शेवटच्या खणातल्या शेवटच्या खळग्याकडे बोट दाखवलं. तिथे नाणं नव्हतं. पांढरी गोल चिठ्ठी उघडी पडली होती: डोमिशिया, चांदी, वजन रिकामं.

मी त्यांना ते खोटं नाणं, ते दोन ग्रॅम साठ, सगळं सांगितलं. त्यांनी फाईल परत उघडली आणि कलम चार मोठ्याने, सावकाश, एखादा वकील वाचेल तसं वाचलं.

"'चिठ्ठी नाण्यापासून वेगळी केली जाणार नाही.' हिला नाणंच नाही. मग हिला कुणापासून वेगळी करायची?" त्या म्हणाल्या. "कलम लागू होत नाही. यादीतही नाही. म्हणजे ही संग्रहालयाची नाही, काका. ही तुमची इथे चुकून राहिलेली वस्तू. घेऊन जा, नाहीतर मला उगाच शेरा लिहावा लागेल."

त्यांनी चिमट्याने चिठ्ठी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. निळ्या रबरावर.

"मोजा काढला तर चालेल?" मी विचारलं.

"तुमचीच आहे ना," त्या म्हणाल्या, आणि मोजा ओढून काढायला त्यांनीच मदत केली.

मी चिठ्ठी तिथे उलटली नाही. तीन मजले उतरलो. उतरताना विचार करत होतो. तिचा हात जाण्याआधी तिने माझ्या हातात दिलेली ही शेवटची चिठ्ठी. त्या दिवशी मी खोट्या नाण्यावर तणतणत होतो, ती समोर बसून होती, आणि चिठ्ठी देताना तिने ती लगेच सोडली नव्हती, हे मला आत्ता आठवलं. क्षणभर दोघांच्या चिमटीत होती. मी ओढून घेतली आणि खळग्यात टाकली. एवढ्या बायकांबद्दल एवढं लिहिणारी बाई त्या दिवशी काय म्हणाली असेल? डोमिशियाबद्दल? खोट्या वजनाबद्दल? माझ्याबद्दल? तीस वर्षं हिशेबी माणसाबरोबर काढल्यावर तिला शेवटी काय सांगावंसं वाटलं असेल?

संग्रहालयाच्या फाटकाबाहेर एक बाक आहे. त्यावर बसलो, चष्मा लावला, उजेडाकडे तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चिठ्ठी स्वतःच्या हाताने उलटली.

'येताना काळ्या पिना आणा. मोठ्या नकोत, छोट्या. पार्लर बंद केल्यापासून घरात एकही उरली नाही. तोंडी सांगितलं तर विसराल.'